टाकेमावशींची तेवीस माणसं

आमच्या किनाऱ्यावर लाटांवर खेळायला येणारी मंडळी त्यांना टाकेमावशी म्हणतात. वयाने मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आयुष्यभर पत्रं वाटून निवृत्त झालेला पोस्टमन. पण मीही त्यांना मावशीच म्हणतो. त्या मला भाऊ म्हणतात. हे नात्याचं गणित कुठल्याच हिशेबात बसत नाही, पण आमच्या टेहळणीच्या खोलीत ते बिनबोभाट चालतं.

मावशींचं शिवणाचं दुकान किनाऱ्यामागच्या गल्लीत आहे. खाली दुकान, वर घर. दुकानात दोन मशिनं, एक लांबलचक टेबल आणि भिंतीला टांगलेले दुसऱ्यांचे कपडेलत्ते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, पडद्यांना चुण्या घालणं ही रोजची कामं. यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांची समजूत घालून घालून ते इतके दमतात की घरी आल्यावर बोलायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलंय.

लाटांवर खेळणारे घालतात ते रबरी सूट त्यांच्याकडे आले ते नणंदेमुळे. नणंद म्हणजे यजमानांची थोरली बहीण. शाळेत कवायत शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला पीटीबाई म्हणतं. किनारा रक्षक दलाची रबरी बोट चालवते ती हीच. वीस वर्षांपूर्वी एक दिवस ती गुडघ्यावर फाटलेला सूट घेऊन दुकानात आली आणि टेबलावर टाकून म्हणाली, "हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, पण बघ."

मावशींना एवढंच पुरतं. "व्हायचं नाही" म्हटलं की त्यांची सुई आपोआप चालायला लागते.

पहिला सूट त्यांनी मशिनवर शिवला आणि तो टाक्यांच्या रेघेवरून सरळ फाटला. पोस्टाची तिकिटं फाटतात तसा. मशिनची सुई रबराला आरपार भोकं पाडते, आणि भोकांची रांग म्हणजे फाटायची सोयच. मग त्यांनी आधी चिकटवून पाहिलं, मग वाकडी सुई आणली आणि हाताने असे टाके घातले की सुई रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच जाईल, पलीकडे निघणार नाही. तीन आठवडे लागले. पीटीबाईने सूट उलटा-सुलटा करून पाहिला, त्यात पाणी भरून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पिवळा दोरा कशाला? सूट काळा आहे."

"काळ्यावर काळा दोरा मला दिसत नाही," मावशी म्हणाल्या. "आणि मला जे दिसत नाही ते मी शिवत नाही."

तेव्हापासून प्रत्येकाच्या सुटावर वेगळ्या रंगाचे टाके. कोणाच्या खांद्यावर पिवळी रेघ, कोणाच्या कोपरावर लाल ठिगळ. सुरुवातीला पोरं कुरकुरली, "मावशी, आम्ही काय गोधडी आहोत का?" पुढे पुढे ज्याच्या सुटावर टाका नाही तो नवखा, असं समजायची पद्धत पडली.

दलात त्या आल्या त्या आठ वर्षांपूर्वी. दुकानाच्या वरच्या खिडकीतून त्यांना पाण्यात एक माणूस हात हलवताना दिसला. किनाऱ्यावरचे लोकही त्याला हसून हात हलवत होते. मावशींना त्या हात हलवण्यात काहीतरी खटकलं. ओळख दाखवणारा माणूस एकदा हात हलवून थांबतो; हा थांबतच नव्हता. त्या हातातली कात्री तशीच घेऊन धावत सुटल्या आणि बोटीच्या शेडपाशी जाऊन ओरडल्या. तो माणूस वाचला. कात्री घेऊन धावणारी बाई पाहून शेडमधला एक जण मात्र आधी पळून गेला होता, तो नंतर परत आला.

दुसऱ्याच दिवशी मावशींनी दलात अर्ज दिला. वय चव्वेचाळीस. पोहण्याची परीक्षा तलावावर, आणि परीक्षक नणंद. चार फेऱ्या मारायच्या होत्या. चौथ्या फेरीच्या मध्यावर मावशींच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्यांनी कठडा धरला आणि पीटीबाईने शिट्टी वाजवली.

"नापास."

"अर्धीच फेरी राहिली होती," कोणीतरी म्हणालं.

"समुद्राला अर्ध्या फेरीचं कौतुक नसतं. आणि घरचं माणूस म्हणून सवलत नाही."

मावशींनी डोकं पुसलं, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "टेहळणीला पोहावं लागतं का?"

"नाही. डोळे लागतात. आणि बडबड बंद ठेवावी लागते."

"डोळे आहेत," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याचं बघू."

लोक म्हणतात, नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात. आमच्याकडे ते अक्षरशः खरं झालं. एक बोटीवर, दुसरी वर खोलीत दुर्बीण घेऊन. घरी महिनोन्महिने एकमेकींशी तुटक बोलणाऱ्या या दोघी वायरलेसवर मात्र इतक्या अदबीने बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन देशांचे वकील बोलतायत. "टेहळणी ते बोट." "बोट ऐकते आहे, बोला." एकदा तर बोट परत येत असताना मी माझ्या कानांनी ऐकलंय: "बोट ते टेहळणी, तुमच्या नवऱ्याने माझी शिडी नेली आहे, ती संध्याकाळपर्यंत परत हवी. संपलं."

टेहळणीची खोली बोटीच्या शेडवर आहे. लोखंडी जिना, तीन बाजूंना काचा, एक टेबल, दोन खुर्च्या, ज्यांतली एक डुगडुगते. रविवारी आमची पाळी. मावशी बघतात, मी वहीत लिहितो. कोण पाण्यात गेलं, कोण बाहेर आलं, दर दहा मिनिटांनी किती जण दिसले. मावशींची पद्धत सगळ्यांपेक्षा वेगळी. बाकीचे डोकी मोजतात. खवळलेल्या समुद्रात डोकी मोजणं म्हणजे उकळत्या भांड्यातले वाटाणे मोजणं. एक वर आलं की दोन खाली जातात. मावशी टाके मोजतात. दुर्बीण फिरवत पुटपुटत राहतात: "पिवळा खांदा, लाल कोपर, हिरवी मान, निळी पाठ..." त्यांच्या सुईखालून गेलेली माणसं ती. लाटेच्या पाठीमागून अर्धा खांदा दिसला तरी कोण ते कळतं.

आणखी एक सवय. समुद्र खवळलेला असला की सकाळी आठ वाजता मी शेडच्या पायऱ्यांवरून पाण्यात तीन लाकडी ठोकळे सोडायचे. पिवळे रंगवलेले. ते कुठे जातात ते मावशी वरून बघणार. "पाणी रोज वाट बदलतं भाऊ," त्या म्हणायच्या. "काल कुठे नेलं ते आज विचारून उपयोग नाही." आमचे प्रमुख या ठोकळ्यांना हसायचे. प्रमुखांचं चष्म्याचं दुकान आहे, सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणतात. माणूस सज्जन, शिस्तीचा, पण आपल्याला जे दिसलं नाही ते नाहीच, अशी त्यांची ठाम समजूत.

ज्या रविवारबद्दल सांगायला बसलोय, त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. वादळ कुठेतरी खूप दूर होऊन गेलेलं. पण त्याच्या लाटा दोन दिवसांनी आमच्याकडे पोचल्या होत्या. उंच, एकामागून एक, सात-आठच्या रांगेत. असं ऊन आणि असा समुद्र एकत्र आला की लांबलांबून लोक लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या घेऊन येतात. आम्ही लाल झेंडा लावला. पण आमचं दल स्वयंसेवकांचं. कोणाला हाताला धरून अडवायचा आम्हाला अधिकार नाही. झेंडा लावायचा, समजवायचं, आणि नाही ऐकलं तर डोळ्यांत तेल घालून बसायचं.

मी ठोकळे सोडले. दोन थोड्या वेळात वाळूला लागले. तिसरा डावीकडे सरकत गेला, धाकट्या खडकाला वळसा घालून मागे गेला आणि दिसेनासा झाला. आमच्या खाडीच्या डाव्या टोकाला दोन खडक आहेत, एक थोरला, एक धाकटा. दोघांच्या मधली जागा किनाऱ्यावरून दिसत नाही.

"अकरा मिनिटं," मावशी घड्याळ बघत म्हणाल्या. "पायऱ्यांपासून खडकापर्यंत अकरा मिनिटं. आणि गेला तो परत आला नाही. लिहा."

मग त्या खाली उतरल्या, वाळूवर जमलेल्या लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि सांगितलं, "आज जाऊ नका असं माझं म्हणणं आहे. तुम्ही ऐकणार नाही हेही मला माहीत आहे. निदान किती वाजता बाहेर येणार ते सांगून जा, आणि डाव्या हाताच्या खडकांकडे फिरकू नका."

दोघं-तिघं परत फिरले. तेवीस जण थांबले. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, बाहेरगावचे, अंगावर कालच घेतलेला काळा कुळकुळीत सूट. त्यावर एकही टाका नाही. मावशींनी खिशातून नारिंगी अस्तराची पट्टी काढली आणि त्यांच्या दंडाला घट्ट बांधली.

डॉक्टर लाजले. "हे काय? मी काय पार्सल आहे का?"

"घरच्यांना परत मिळायचं असेल तर पार्सलच," मावशी म्हणाल्या. "भाऊंना विचारा, पत्ता नसलेलं पार्सल कुठे जातं ते."

मी म्हटलं, "कुठेच जात नाही. पडून राहतं." डॉक्टरांनी पट्टी राहू दिली.

सगळ्यात शेवटी बेकरीवाला पाण्यात शिरला. पन्नाशीचा गडी, तीस वर्षं लाटांवर काढलेली. त्याच्या पाठीवर निळ्या टाक्यांची आडवी रेघ होती. त्याला कोणी काही सांगायच्या भानगडीत पडत नसे. उलट नवी पोरं त्यालाच विचारून आत जात. "अकराला बाहेर," तो जाता जाता मावशींना म्हणाला.

दहा वीसपर्यंत सगळं ठीक होतं. त्या वेळी मी वहीत तेवीस लिहिलं. आणि मग वाऱ्याने दिशा बदलली. लाटांचे शेंडे तुटून पांढरे व्हायला लागले. उजव्या बाजूला तीन पोरांना पाण्याने आत ओढायला सुरुवात केली. ती जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारत होती आणि मागे मागेच जात होती.

"टेहळणी ते बोट. उजवीकडे, झेंड्याच्या खांबाच्या रेषेत, तीन जण. फळ्या आहेत हातात. जा."

"बोट निघाली."

पीटीबाई, एक वायरमन आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी, अशी तिघांची बोट लाटेवर नाक वर करून निघाली. किनाऱ्यावरचे सगळे लोक उजवीकडे धावले. चष्मेवालेही खाली वाळूवर उजवीकडे गेले. मीही उजवीकडेच बघत होतो, खोटं कशाला बोलू. पहिला बोटीत ओढला, दुसरा ओढला, तिसरा ओढला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही जिवात जीव आला.

मावशी टाळ्या ऐकतच नव्हत्या. त्यांची दुर्बीण डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे फिरत होती.

"भाऊ, बाहेर किती आले?"

मी वही पाहिली. "एकही नाही."

"बोटीत तीन. म्हणजे पाण्यात वीस हवेत." त्या पुन्हा पुटपुटायला लागल्या. संपूर्ण खाडी एकदा फिरून झाली. "एकोणीस." दुसऱ्यांदा. "एकोणीस." तिसऱ्यांदा त्यांनी मोजलंही नाही. दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाल्या, "निळी पाठ नाहीये."

मी वायरलेसवरून चष्मेवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बेकरीवाला? अहो, तो पलीकडच्या पुळणीवरून निघून गेला असेल. नेहमी जातो."

मावशींनी माझ्या हातातून वायरलेस घेतला. "जाताना तो फळी डोक्यावर आडवी धरून खिडकीला दाखवतो. आठ वर्षांत एकदाही चुकला नाही. आणि अकराला अजून सतरा मिनिटं आहेत."

"मावशी, एवढ्या लाटांत एखादा माणूस दिसत नाही. तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय."

"सूत माझंच आहे," मावशी म्हणाल्या. "टेहळणी ते बोट."

"बोट ऐकते आहे." मागून कोणाच्या तरी ओकण्याचा आवाज येत होता.

"बेकरीवाला हरवलाय. धाकट्या खडकाच्या मागे, दोन खडकांच्या मधे आहे. तुझ्या बोटीतली तिन्ही पोरं उतरव आणि तिकडे जा."



"तुला दिसतोय का?"

"नाही."

"मग?"

"सकाळी ठोकळा तिथे गेला आणि अजून आलेला नाही. पाणी तिथे नेतंय आणि तिथेच फिरवतंय. दहा वीसला तो डावीकडच्या टोकाला होता, मी पाहिलाय. तिथून हात मारला नाही तर जायला दुसरी जागाच नाही."

"खात्री आहे?"

"आहे."

मी मनात म्हटलं, आता ही काय करणार? दोन खडकांच्या मधे एवढ्या लाटांत बोट घालायची म्हणजे आपण होऊन जात्यात हात घालण्यासारखं. आणि तेही कोणाला काही दिसलेलं नसताना. प्रमुख नको म्हणतायत. त्यात घरात दोघींमध्ये शिडीवरून अजून धुसफूस चाललेली.

पीटीबाई म्हणाली, "निघाले."

गुडघाभर पाण्यात बोट आणून तिने तिघांना अक्षरशः ढकलून उतरवलं. चष्मेवाले हात हलवत काहीतरी सांगायला पुढे झाले, तोवर बोट वळलीसुद्धा. मग ती डावीकडे उड्या मारत गेली आणि धाकट्या खडकामागे दिसेनाशी झाली. त्याबरोबर वायरलेसही बंद. खडकामागून आवाज येत नाही.

आता सगळा किनारा डावीकडे धावला. सगळ्यांचे डोळे खडकावर. मीही माझी डुगडुगती खुर्ची सोडून काचेला नाक लावलं. 

"भाऊ, वही कुठे आहे?"

मी वळून पाहिलं. मावशी खडकाकडे पाहतच नव्हत्या. त्यांची दुर्बीण मधोमध होती. सख्खी नणंद खडकामागे, आणि ही बाई बाकीची एकोणीस मोजत होती.

"पिवळा खांदा... लाल कोपर... हिरवी मान... ही नारिंगी पट्टी कुठे निघाली?"

मी पाहिलं. दातांचे डॉक्टर फळीवर पोटावर पडून किनाऱ्याकडे हात मारत होते आणि हळूहळू, पण नक्की, डावीकडे सरकत होते. ठोकळ्याच्याच वाटेने. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

मावशींनी भोंगा उचलला. त्यांचा आवाज साऱ्या खाडीवर घुमला. "नारिंगी पट्टी! ओ दातांचे डॉक्टर! किनाऱ्याकडे येऊ नका! उजवीकडे जा, उजवीकडे! आडवं जायचं! फळी सोडायची नाही!"

डॉक्टर गोंधळून वर पाहायला लागले.

"उजवीकडे म्हणजे ज्या हाताने दात काढता तिकडे!"

ते वळले. आडवे निघाले. आधी काहीच फरक पडला नाही, मग पडला. पाण्याची ओढ सुटली तशी एका लाटेने त्यांना उचललं आणि वाळूवर आणून टाकलं. नंतर कळलं की डॉक्टर डावखुरे आहेत, आणि किनाऱ्याकडे तोंड असल्याने त्यांचा डावा हात आमच्या उजवीकडेच होता. पण त्या वेळी त्यांनीही हुज्जत घातली नाही, मावशींचा हात खिडकीतून ज्या बाजूला दिसला तिकडे गेले.

"एक बाहेर," मावशी म्हणाल्या. "लिहा. पाण्यात अठरा. आता बाकीच्यांनाही बोलवते." आणि त्यांनी भोंग्यावरून एकेकाला रंगाने हाक मारून बाहेर काढायला सुरुवात केली. त्या दिवशी कोणी दुसऱ्यांदा सांगायला लावलं नाही.

खडकामागे बोट सहा मिनिटं होती. मी वहीत तेवढा वेळ लिहिलाय म्हणून सांगतो, नाहीतर मी तासभर म्हटलं असतं. सहाव्या मिनिटाला आधी बोटीचं नाक दिसलं, मग पीटीबाई, आणि तिचा एक हात सरळ वर. हात वर म्हणजे माणूस मिळाला आणि जिवंत आहे.

"टेहळणी ते बोट, दिसलात," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जसाच्या तसा होता. फक्त बोलून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या, तीही डुगडुगत्या, आणि त्यांनी चष्मा काढून बराच वेळ ओढणीच्या टोकाने पुसला. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिल्या.

झालं होतं ते असं. वारा बदलल्यावर एक लाट बेकरीवाल्याच्या अंगावर अवेळी फुटली आणि त्याचीच फळी त्याच्या खांद्यावर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं. एक हात निकामी. पाण्याने त्याला खडकांच्या मधे नेलं, तिथे पायाला बांधलेली फळीची दोरी एका सुळक्याला अडकली आणि तेवढ्यानेच तो तगला. दर लाटेला पाण्याखाली, दर लाटेनंतर वर. पीटीबाईने बोट उलटी, मागच्या बाजूने आत घातली, म्हणजे पळावं लागलं तर नाक समुद्राकडे असावं. वायरमन कमरेला दोर बांधून उतरला. त्या मुलीने दोर धरला. दोन लाटांच्या मधे दोरी कापली आणि त्याला आत घेतलं.

इस्पितळात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा म्हटलं, "ओरडलास का नाही रे?"

"कोणाला ऐकू येणार होतं?" तो म्हणाला. "मी घड्याळाचा विचार करत होतो. म्हटलं, दहा मिनिटं झाली. आता मावशींनी मोजलं असेल. आता परत मोजलं असेल. आता तिसऱ्यांदा. म्हणजे आता बोट निघेल."

त्याच्या बायकोने तिथेच त्याच्यावर तोंडसुख घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचं सगळं बरोबर होतं.

मावशीही गेल्या होत्या. त्यांनी आधी त्याची विचारपूस केली, मग खुंटीवरचा सूट पाहिला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तो कात्रीने कापून काढला होता, बरोबर निळ्या टाक्यांवरून. मावशींचा चेहरा उतरला. "बाजूला इतकी जागा होती," त्या म्हणाल्या. "टाक्यांवरूनच कापायची काय गरज होती?"

त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी चहाला होतो. यजमान, मावशी आणि मी. पीटीबाई आली, ओले केस तसेच, कोणाला न विचारता खुर्ची ओढून बसली. मावशींनी तिच्यासमोर कप ठेवला. 

"तू म्हणालीस तिथेच होता," पीटीबाई म्हणाली. "पाच हात इकडेतिकडे असेल."

"पाच हात चुकलेच की मग," मावशी म्हणाल्या.

यजमान हसले. त्या दिवसातला त्यांचा तो पहिला आवाज.

"मला तिथे काही दिसत नव्हतं," पीटीबाई कपाकडे बघत म्हणाली. "नुसता फेस. एकदा वाटलं, वळावं. तू 'दिसतोय' म्हणाली असतीस ना, तर मी वळले असते. मला वाटलं असतं, तुला भास झाला. 'दिसत नाही, पण आहे' म्हणालीस म्हणून थांबले."

"खोटं कसं सांगणार? दिसत नव्हताच."

"तेच म्हणतेय मी." पीटीबाईने चहा संपवला. "तलावावर येतेस का? सकाळी सहाला. मी स्वतः शिकवते. चार फेऱ्या काय, दोन महिन्यांत आठ मारशील. मग बोटीवर ये."

मला वाटलं, मावशी आता हो म्हणणार. आठ वर्षं ज्याचा सल होता ते समोरून चालून आलं होतं.

"नको ताई," मावशी म्हणाल्या. "मी बोटीवर आले तर वर कोण बघेल? तुझ्यासारख्या बोट चालवणाऱ्या अजून दोन आहेत. मोजणारी मी एकटीच आहे. तेच चुकतंय. पोहायला शिकवण्यापेक्षा मला मोजणारी माणसं दे."

मला त्या क्षणी कळलं की सल वगैरे काही नव्हता. असलाच तर तो आम्हीच त्यांच्या नावावर मांडून ठेवला होता.

पुढच्या बैठकीत चष्मेवाले उभे राहिले. माणूस शिस्तीचा आहे म्हटलं ना; चूकही शिस्तीत कबूल केली. म्हणाले, "मी स्वतः वाळूवर होतो आणि मला तेविसांतला एक कमी आहे हे कळलं नाही. यापुढे टेहळणीचा आकडा जुळल्याशिवाय बोट शेडमध्ये येणार नाही. प्रमुखाने सांगितलं तरीही नाही." मग म्हणाले, "आणि मावशी, ते ठोकळे. अजून सहा रंगवून घेऊ."

"सात," मावशी म्हणाल्या. "तिनातला एक अजून खडकांतच आहे."

आता मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद झालं की मावशींच्या टेबलावर शिकवणी असते. परातीत साबणाचं पाणी घ्यायचं, त्यात मूठभर रंगीत बटणं टाकायची, एकाने परात हलवत राहायची आणि दुसऱ्याने किती आहेत ते सांगायचं. फेसात बटणं बुडतात, वर येतात, एकमेकांमागे लपतात. पहिल्या दिवशी मला चौदा दिसली, वायरमनला सतरा, कॉलेजच्या मुलीला एकोणीस. होती एकवीस. चष्मेवाल्यांनी बरोबर एकवीस सांगितली, पण नंतर कळलं की त्यांनी आधी डब्यात मोजून ठेवली होती. मावशींनी त्यांना परात हलवायच्या कामाला लावलं.

सहाव्या आठवड्याला दातांचे डॉक्टर आले. दीड तास गाडी चालवून, खास शिकायला. पाण्यात उतरायची हौस त्यांची अजून आहेच, पण एका रविवारी उतरतात, दुसऱ्या रविवारी आमच्याबरोबर खिडकीशी बसतात. मावशी म्हणतात, या माणसाची नजर चांगली आहे. निदान बत्तीसपर्यंत तरी चुकायचा नाही.

बेकरीवाला साडेचार महिन्यांनी पाण्यात परतला. नवा सूट घेऊन आधी दुकानात आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "फाटलेला नाही. तरी पाठीवर काहीतरी घाला." मावशींनी त्याला रंगांचा डबा उघडून दिला. त्याने बराच वेळ लावून हिरवट-पिवळा निवडला, अगदी डोळ्यांत खुपणारा. बायकोने सांगितलेला रंग होता तो. ती म्हणाली होती, चार मैलांवरून दिसला पाहिजे.

गेल्या रविवारी समुद्र पुन्हा तसाच होता. मी ठोकळे सोडून वर आलो तेव्हा डॉक्टर दुर्बीण लावून पुटपुटत होते आणि मावशी शेजारी बसून कोणाच्या तरी बाहीला टाके घालत होत्या.

"सोळा," डॉक्टर म्हणाले.

"परत," मावशींनी मान वर न करता सांगितलं.

डॉक्टरांनी परत मोजलं. मग तिसऱ्यांदा. "सोळा. नक्की सोळा."

मावशींनी सुई बाहीत खोचली, दुर्बीण घेतली, एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली आणि परत दिली.

"लिहा भाऊ," त्या म्हणाल्या. "सोळा."